रडारला रत्न नाही, पोकळी दिसते

'रडार फिरवलं की जमिनीतलं रत्न पडद्यावर दिसतं का?' असं कुणीही विचारेल. रत्न दिसत नाही. हे रडार जमिनीत रेडिओलहरी सोडतं आणि आतून परत येणारं परावर्तन टिपतं. दोन-चार सेंटिमीटरचा खडा आणि भोवतीचा दगड, दोन्ही रेडिओलहरींना जवळपास सारखेच. परावर्तन येतं ते विद्युत गुणधर्म एकदम बदलतात तिथून. परावैद्युतांक (पदार्थ विद्युत क्षेत्राला किती प्रतिसाद देतो त्याचं माप) हवेचा १, ग्रॅनाइटचा साधारण ५-६, पाण्याचा ८०. म्हणून पोकळी किंवा ओली माती भरलेला कप्पा उठून दिसतो.

कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळच्या हिमालया खाणीत (नाव तेच, हो!) टूर्मलीन हे रत्न पेग्मॅटाइट या भरड स्फटिकांच्या खडकातल्या अशा कप्प्यांतच सापडतं. तिथे खाणीच्या आत, थेट खडकाच्या भिंतीवर रडार लावून कप्पे हुडकले गेले. पण कप्प्यात रत्न आहे की नुसता चिखल, हे फोडल्यावरच कळतं. आणि प्रत्येक साधी भेगही परावर्तन देतेच.

खोलीचं गणित वेगळंच. वारंवारता वाढवली तर बारीक दिसतं, पण लहरी लवकर विरतात. कोरड्या ग्रॅनाइटमध्ये काही मीटर मिळतील. आपल्या ओल्या काळ्या मातीत मीटरभर मिळालं तरी नशीब. त्यामुळे 'वीस फुटांखालचा हिरा दाखवतो' म्हणून यंत्र विकणाऱ्याला आधी शेतात पुरलेली पाण्याची पाइप शोधायला लावा.