स्पीकरचा आवाज मधेच पडतो, दोष कुणाचा?

गावभागकर: मंडळी, एक भांडण मिटवा. डेस्कटॉपला दोन छोटे स्पीकर आहेत, जुनेच, २०१९ च्या पुरात माडीवर नेले म्हणून वाचले. गेला महिनाभर गाणं चालू असताना आवाज एकदम खाली जातो, बंद नाही होत, लांबच्या मांडवातलं ऐकू यावं तसा येतो आन जरा वेळानं आपोआप वर. दुकानदार म्हणतो नवीन घ्या. मी म्हणतो स्पीकर ठणठणीत आहेत, कॉम्प्युटरातच खोट आहे. भाऊ म्हणतो तू चिकट आहेस.

सोल्डरवाला, विश्रामबाग: भाऊचं बरोबर, दुकानदाराचं नाही. पाणी शिरलं नाही तरी ओल लागतेच की. आवाजाच्या बटणात कार्बनची पट्टी असते, तिच्यावर पत्रा घासतो, त्यात घाण बसली की आवाज कधी पडतो कधी खरखरतो. प्लग काढा, कॉन्टॅक्ट क्लीनर (बटणातली घाण काढायचा स्प्रे) मारा, बटण वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, वाळू द्या. आणि पिन हलवून बघा. गाणाऱ्याचा गळा गायब होऊन मागची वाद्यं तेवढी राहिली तर पिनेचा ग्राउंड, म्हणजे दोन्ही स्पीकरांची सामाईक तार, सुटलाय समजा, कारण दोन्ही स्पीकरात जे सारखं असतं ते तेव्हा एकमेकाला खाऊन टाकतं.

आधी सेटिंग: उठसूट पेचकस कशाला? पुराला इतकी वर्षं झाली, ओल काय आत्ता जागी झाली? विंडोज ७ पासून एक शहाणपणा आहे, कॉल चालू झालाय असं वाटलं की ते बाकीचे आवाज ८० टक्के कमी करतं, आन हे न विचारताच चालू असतं. कंट्रोल पॅनेल, साउंड, कम्युनिकेशन्स, तिथं 'डू नथिंग' करा. लांबच्या मांडवातलं म्हणजे हेच.

सोल्डरवाला: गाणी ऐकताना कॉल कुठला आला मर्दा?

मिरजेचा: भांडताय कशाला, आमच्याकडं सतार बिघडली म्हणून आणली तर कारागीर आधी तारा आन घोडी बघतो, एकदम भोपळा फोडत नाही. स्पीकरची पिन मोबाईलला लावा, गाणी वाजवा. पडला तर स्पीकर, नाही पडला तर कॉम्प्युटर.

सोल्डरवाला: हे पटलं, पण पाच मिनिटांत निकाल देऊ नका. आतला सोल्डरचा टाका कच्चा असला तर तापल्यावरच सुटतो, दोनतीन तास चालू ठेवा.

गावभागकर: साडेतीन तास मोबाईलवर वाजवलं, बायको वैतागली, पण आवाज एकदाही पडला नाही. मग लक्षात आलं, पोरगी दुसऱ्या टॅबमध्ये ऑनलाइन क्लास उघडून ठेवते, माईक चालू, आन तो जोडला की इकडं गाणं खाली, क्लास बंद केला की वर! 'डू नथिंग' केलं, आठ दिवस झाले, गप आहे. फक्त बटण फिरवताना खर्र होतंय, पण ते आधीपासूनच आहे.

सोल्डरवाला: खर्र होतंय ना? मग मी अर्धा बरोबर. क्लीनर आणा.

आधी सेटिंग: खर्र विचारलं कुणी होतं!

गावभागकर: भाऊ वाचतोय. त्याला क्लीनरच्या पैशात अर्धी वर्गणी मागितलीय.