देवराईतला काळा कावळा: डोमकावळा की आणखी कोणी?

सड्यावरची
नमस्कार मंडळी. देवरुखजवळ आमचं घर आहे, परसामागे गावाची देवराई. तिथल्या उंच ऐनावर काळ्या कावळ्यांची एक जोडी असते. चोच जाड, आवाज घोगरा, आणि गावकावळ्यांसारखे घोळक्याने कधी दिसत नाहीत. फेब्रुवारीत काटक्या नेत होते, आता मार्चमध्ये एक जण घरट्यावर बसलेला असतो. झाडाखाली एक पीस मिळालं. काळंभोर, उन्हात धरलं की निळं-जांभळं चमकतं, वितीपेक्षा बोटभर मोठं. मधल्या दांडीच्या एका बाजूला अगदी अरुंद, दुसऱ्या बाजूला रुंद. सासूबाई म्हणतात डोमकावळा. पुण्याचा भाचा फोटो बघून म्हणतो, एवढी मोठी चोच म्हणजे रेव्हन जातीचा मोठा कावळा. नक्की कोण?

माळढोक_प्रेमी
सासूबाईंचं बरोबर वाटतंय. एकदा डोळा बघून घ्या. लाल डोळा, फिकट पोपटी चोच आणि लांब शेपूट असेल तर तो कोकीळ नर. पण तो घरटं बांधत नाही, म्हणजे तो प्रश्नच मिटला.

अप्पा_हेळवाक
ताई, डोमकावळाच. कोयनेच्या बाजूला माझी शेती रानाला लागून आहे, हे पक्षी मी रोज बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी रेव्हनचं. तो आपल्याकडे हिमालयात उंचावर आणि राजस्थान-कच्छच्या कोरड्या मुलखात. उडताना त्याची शेपटी पाचरीसारखी टोकदार दिसते आणि गळ्यावरची पिसं विस्कटलेली असतात. डोमकावळ्याची शेपटी टोकाला गोलसर असते. कोकणातल्या देवराईत रेव्हन शोधायची गरज नाही.

आता पीस. एका बाजूला अरुंद म्हणजे ते पंखाच्या बाहेरच्या कडेचं, उड्डाणाचं पीस. लांबीवरून कल डोमकावळ्याकडे जातो, कारण तो गावकावळ्यापेक्षा अंगाने मोठा. पण उड्डाणाची पिसं दोघांचीही काळी आणि चमकदार असतात, शिवाय एकाच पंखातली पिसं लहानमोठी असतात. त्यामुळे तेवढ्यावर मी शिक्का मारणार नाही. मानेचं छोटं पीस मिळालं असतं तर काम सोपं होतं. गावकावळ्याचं ते टोकापर्यंत करडं, डोमकावळ्याचं टोकाला काळं. मुळाशी मऊ करडा भाग असतोच, त्यावर जाऊ नका.

मान बघायची ती सावलीत किंवा ढगाळ हवेत. भर उन्हात काळी मानही झळाळून फिकट दिसते आणि चांगली जाणती माणसं तिथे अडखळतात. मग बाजूने चोच बघा. वरची कड कपाळापासूनच कमान घेऊन उतरते. आवाज मोबाइलवर घेऊन ठेवा. गावकावळ्याचं ‘काव काव’ नाकातून येतं, याचं ‘खाऽ खाऽ’ छातीतून.

माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा तुम्ही स्वतःच दिलाय, तो म्हणजे घरट्याचा हंगाम. गावकावळ्याची घरटी साधारण एप्रिल ते जूनमधली. पावसाचा अंदाज बांधायला जुनी माणसं जी घरटी बघतात, ती हीच. डोमकावळा डिसेंबर ते एप्रिलमध्येच उरकून घेतो. गावकावळा माणसाच्या वस्तीला चिकटून राहतो, आतल्या रानात तो टिकत नाही. डोमकावळा मात्र दोन्हीकडे. सुकत घातलेल्या मासळीवरही येतो आणि घनदाट जंगलातही जोडीने राहतो. आमच्याकडे बिबट्याने मारलेलं जनावर कुठे पडलंय, हे गुराख्यांना याच्याच ओरडण्यावरून कळतं. मेलेलं ढोर संपवणारा हा रानातला मोठा कामाचा पक्षी आहे, आणि त्याला अपशकुनी म्हणून हाकलतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

जाता जाता, याचं शास्त्रीय वर्णन १८३२ मध्ये कर्नल साइक्स यांनी केलं, तेही दख्खनच्या पक्ष्यांच्या यादीत. म्हणजे शास्त्राच्या नोंदीतही हा आपल्याच मुलखातला.

सड्यावरची
अप्पा, खूप आभार. आज आभाळ भरलेलं होतं, दुर्बिणीतून नीट बघितलं. मान काळीच, शेपटी गोलसर. आता खरी अडचण सांगते. कोंबडीची पिल्लं उचलतात म्हणून शेजारचे भाऊ घरटं पाडायचं म्हणतायत. काय सांगू त्यांना? हे डोमकावळे कोतवाल पक्ष्याच्या घरट्यावरही जातात, मग कोतवाल त्यांना पार ओढ्यापर्यंत पिटाळतो.

अप्पा_हेळवाक
पाडू देऊ नका. घरटं गेलं तरी जोडी त्याच रानात राहते, पिल्लं उचलायची थांबत नाही. पिल्लांना पंख फुटेपर्यंत डालग्याखाली ठेवा, दाणापाणी आत द्या, आणि कोंबडं कापलं की आतडी अंगणात टाकू नका, पुरून टाका. त्या आतड्यांपायीच ते अंगणात उतरायला शिकतात. भाऊ ऐकत नसतील तर देवराईच्या मानकऱ्यांना मध्ये घ्या. तिथल्या झाडाला हात लावायचा तर त्यांना विचारावंच लागेल.

माळढोक_प्रेमी
ताई, आवाज मिळाला तर इथे नक्की टाका. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर घरट्याची तारीख घालून नोंदही करा. डोमकावळा सगळीकडे दिसतो म्हणून त्याच्या घरट्याची नोंद फारसं कोणी करत नाही.