अनुभव धागा: यंत्र 'नाही' म्हणालं तेव्हा

कवडसा
काल कपाट आवरताना आईची शिवणाची कात्री हाती लागली आणि सगळं परत आठवलं.
आईने जन्मभर शिलाई केली. सत्तरीनंतर पेन्शनसाठी बोटाचा ठसा लागायला लागला. यंत्रावर लाल दिवा. बोट पुसून झालं, ओलं करून झालं, दहाही बोटं झाली. खिडकीमागचा माणूस तिला कैक वर्षं ओळखत होता, नावाने हाक मारायचा. तोच म्हणाला, "मावशी, मी काय करू, मशीन घेत नाही." तीन महिने पैसे अडकले. त्या काळात ती रोज रात्री बोटांना क्रीम चोळत बसायची, यंत्राने ओळखावं म्हणून. चिडली नाही, तिला स्वतःचीच लाज वाटत होती. मला आजही त्याचाच राग येतो.
तुमचं असं काही अडलंय का? दाद कुठे मागितलीत? लिहा.

निशाचर
सेम. बाबांची केमो चालू होती. कॅपेसिटाबिन या केमोच्या औषधाने बोटांची सालं निघतात, ठसे पुसट होतात. डॉक्टरांनी तसं पत्रही दिलं. पण पत्र वाचायला समोर कुणी हवं ना! लेक उठली, उरलेलं नंतर लिहिते.

अर्धविराम
रात्री 11:40 ला नोकरीचा अर्ज पाठवला. 11:43 ला उत्तर: "आपला अर्ज आम्ही अत्यंत काळजीपूर्वक वाचला." 😀
कंपनी युरोपातली. तिथे 2018 पासून जीडीपीआर हा खाजगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे, त्याचं कलम 22 वाचलं. मोठा परिणाम करणारा निर्णय फक्त यंत्राने घेतला असेल (काही अपवाद आहेत), तर तो माणसाने पुन्हा पाहावा अशी मागणी करता येते. केली मागणी. लगेच उत्तर आलं. तेही यंत्राचंच.

टिवल्याबावल्या
हहपुवा!! तीन मिनिटं म्हणजे बराच विचार केला की.

सांजसावली
मी काळी आहे, सरळच लिहिते. ऑफिसात चेहऱ्यावरून हजेरी सुरू झाली. बाकीचे चालता चालता आत जायचे, मी दिव्याखाली मान वर करून उभी. महिनाअखेर चार लेटमार्क, पगार कापला. एचआरची बाई म्हणे, "थोडा लाइट मेकअप करून बघ ना." काय बोलणार?
मग जॉय बुओलामविनी आणि टिम्निट गेब्रू यांचा 2018 चा अभ्यास वाचनात आला. चेहऱ्यावरून बाई की पुरुष एवढंच ओळखणाऱ्या तीन प्रणाली त्यांनी तपासल्या होत्या. गोऱ्या पुरुषांबाबत चूक जास्तीत जास्त 0.8 टक्के, सावळ्या-काळ्या बायकांबाबत 34.7 टक्क्यांपर्यंत. आमचं यंत्र वेगळं, त्याचं काम वेगळं, मान्य. पण तो आकडा बघून मी बसमध्ये रडले. माझ्या चेहऱ्यात काही खोट नव्हती एवढं तरी कळलं.

निशाचर
सांजसावली, मिठी गं. त्या एचआरवालीला माझ्याकडे पाठव.

उलटतपासणी
थोडा वेगळा सूर लावतो, रागावू नका. माणसं होती तेव्हा कुठे न्याय होता? आमचे कपडे आणि बोली बघून साहेब "उद्या या" म्हणायचे. यंत्राने मला निदान कधी हिणवलं नाही. माझा फॉर्म पहिल्यांदा एका फटक्यात मंजूर झाला तो ऑनलाइनच.

कवडसा
@उलटतपासणी, रागावू कशाला, खरंच आहे तुमचं. पण तेच साहेब यंत्रात जाऊन बसले तर? नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्यात फसवणुकीचा धोका हुडकणारी प्रणाली होती. डच नागरिकत्व नसणं हीसुद्धा तिच्या लेखी धोक्याची खूण. हजारो पालकांना मिळालेला भत्ता परत करायला लावला, घरंच्या घरं कर्जात बुडाली. जानेवारी 2021 मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. साहेबाशी निदान भांडता यायचं हो.

उलटतपासणी
भांडण्याचा मुद्दा पटला. बाकीचा विचार करतो.

ऐकीव
मी दृष्टिहीन आहे, स्क्रीन रीडरवर धागा ऐकतोय. "चित्रातले ट्रॅफिक सिग्नल निवडा आणि तुम्ही माणूस असल्याचं सिद्ध करा." रोज नापास! आवाजाचा पर्याय दिला तर त्यात इतकी खरखर की डोळसांनाही जमायचं नाही. अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार 2006 चा, त्याचं कलम 9 याच सुगमतेबद्दल आहे. अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या गावी नाही. शुद्धलेखन चुकलं असेल तर दोष बोलून टाइप करणाऱ्या यंत्राचा.

टिवल्याबावल्या
ऐकीव, मला दिसतं, तरी मी ट्रॅफिक सिग्नलमध्ये नापास. खांब धरायचा की नाही??

ऐकीव
मला विचारताय? 😀

पाऊलखूण
लिहू की नको करत होते. भाची पंधरा वर्षांची. तिच्या वर्गातल्या कुणीतरी तिचा साधा फोटो घेऊन एआयने नको तसा बनवला आणि फिरवला. आम्ही घरच्यांनी पहिला प्रश्न तिलाच विचारला, "तू फोटो टाकलासच कशाला?" मीच विचारला, तिच्या आत्याने. ती नऊ दिवस शाळेत गेली नाही.

सांजसावली
😔 आता कशी आहे?

पाऊलखूण
जाते शाळेत. माझ्याशी कमी बोलते.

अर्धविराम
कुणाला लागलं तर: 18 खालच्या मुलांसाठी 'टेक इट डाउन' आणि मोठ्यांसाठी 'स्टॉपएनसीआयआय' अशा मोफत सेवा आहेत. फोटो आपल्याच फोनवर राहतो, फक्त त्याची आकड्यांतली खूण जाते. सहभागी संकेतस्थळं ती जुळवून फोटो अडवतात. सगळी संकेतस्थळं सहभागी नाहीत, हे आधीच सांगतो. आणि तक्रारीसाठी लिंक, तारीख, वेळ लगेच लिहून ठेवा.

निशाचर
आले परत. कवडसा, आईचं पुढे काय झालं ते राहिलंच की.

कवडसा
हो गं. चौथ्या महिन्यात त्याच खिडकीवाल्याने कागद घेतला, "ही बाई मी प्रत्यक्ष पाहिली, ओळखतो" असं लिहून खाली स्वतःची सही केली. त्यासाठी त्याला वरून बोलणी बसली म्हणे. आईने त्याच्या मुलीला फ्रॉक शिवला, याच कात्रीने.

टिवल्याबावल्या
कात्रीचा फोटो टाक ना. पितळी मुठीची आहे का?

कवडसा
लोखंडी. एक पातं जरा सैल झालंय. धार कुठे लावून मिळते हल्ली?