द्विभाषिक चित्रपुस्तकांतून मुलांना फ्रेंच शब्द शिकवावेत का?

शब्दवेडा (धागाकर्ता):
तीन ते सहा वर्षांच्या मुलांना फ्रेंच शब्दांची पहिली ओळख द्विभाषिक चित्रपुस्तकांतून करून द्यावी, असे माझे मत आहे. गोष्ट आपल्या भाषेत कळत असल्यामुळे मूल पुस्तक अर्ध्यावर टाकत नाही, उलट तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागते. आणि २०११ साली जेसिका हॉर्स्ट व सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्या तीन वर्षांच्या मुलांपेक्षा त्याच गोष्टी पुन्हा ऐकणाऱ्या मुलांच्या लक्षात नवे शब्द अधिक राहिले होते.

काकदृष्टी:
तो प्रयोग मुलांच्या स्वतःच्या भाषेतला होता, हे विसरू नये. फ्रेंचमध्ये खरी अडचण वाचणाऱ्याची आहे. मांजराला 'शा' म्हणतात. लिखाणातला शेवटचा 'त' उच्चारात येत नाही. चंद्राच्या 'ल्यून'मधला स्वर तर ओठांचा चंबू करून 'ई' म्हटल्याशिवाय निघत नाही. ज्या पालकाला हे ठाऊक नाही तो अक्षरे पाहून वाचणार आणि मूल ते चुकीचे उच्चार निष्ठेने उचलणार.

शब्दवेडा:
त्यासाठी सोबत ध्वनिमुद्रण असलेली पुस्तके मिळतात.

काकदृष्टी:
पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ सालच्या अभ्यासात नऊ महिन्यांची बाळे समोर बसलेल्या माणसाकडून मँडरिन या चिनी भाषेचे ध्वनी शिकली. ध्वनिमुद्रणातून किंवा पडद्यावरून मात्र शिकली नाहीत.

शब्दवेडा:
ती तान्ही बाळे होती आणि प्रश्न ध्वनी ओळखण्याचा होता, शब्दांचा नव्हे. शिवाय ध्वनिमुद्रण मुलासाठी नव्हे, पालकासाठी आहे: त्याने आधी ऐकून सराव करावा आणि मग मुलाला मांडीवर घेऊन स्वतः वाचावे. समोरचा जिवंत माणूस तोच.

मधलीवाट:
उच्चारांवरून एवढी हमरीतुमरी चालली आहे, पण मला पुस्तकांच्या रचनेचीच अधिक चिंता वाटते. एका चित्राखाली एक सुटा शब्द छापला की फ्रेंचचे अर्धे अंग गळून पडते. अस्वल म्हणजे 'उर्स'. परंतु 'एक अस्वल' बोलताना 'अँनुर्स' असे जोडून ऐकू येते, आणि 'एक'मधला तो 'न' अस्वलाच्या शब्दाचाच समजून खुद्द फ्रेंच मुलेही काही काळ 'ल नुर्स' म्हणत राहतात. शब्द वाक्यात कसा बसतो हे कानावर पडायला हवे, म्हणून निदान नामाआधी येणारे 'ल' किंवा 'ला' हे उपपद लावून, शक्यतो छोट्या वाक्यातच तो द्यावा. दुसरे असे की प्रत्येक फ्रेंच ओळीमागे लगेच भाषांतर वाचले, तर मूल फ्रेंच ओळ संपण्याची नुसती वाट पाहते. आधी संपूर्ण गोष्ट आपल्या भाषेत सांगून, दुसऱ्या दिवशी ती केवळ फ्रेंचमध्ये, चित्रांवर बोट ठेवत वाचावी.

काकदृष्टी:
तसे वाचायचे असेल, तर एकाच पानावर दोन भाषा छापण्याची गरजच उरत नाही. सोपे फ्रेंच चित्रपुस्तक पुरेल.

शब्दवेडा:
मुलाला पुरेल, पालकाला नाही. पानावरची दुसरी भाषा त्याच्यासाठीच असते.