चांदीच्या रुपियाचा फोटो: एक तर डाग पडतो, नाही तर सपाट दिसतो. प्रकाश कसा लावू?

नमस्कार मंडळी. मी फोंड्याचा. आजोबांच्या डब्यात पोर्तुगीज अमदानीतली नाणी आहेत: 1881 चा चांदीचा रुपिया, त्याच सालचे पाव टांगा आणि 1958 नंतरचे एस्कुदो. चवथीला सगळे घरी जमतात, तोवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून अल्बम करायचा विचार आहे.

पाव टांग्याचं जमतं, तांबं फारसं चमकत नाही. घोडं अडतंय ते रुपियावर. घड्याळात दहा आणि दोन असतात तिथे दोन एलईडी दिवे ठेवतो. दिवे खाली असले की नाण्यावरच्या दोम लुईशचे (पोर्तुगालचा तेव्हाचा राजा) केस, दाढी सुरेख उठून दिसतात, पण मोकळा भाग काळा पडतो. वर नेले की गालावर पांढरा डाग. बटर पेपर लावला की डाग जातो, पण नाणं बाटलीच्या बुचासारखं दिसतं. (चिंचेने घासा असं कृपया सुचवू नका, ती काळपट झाक मला हवीच आहे.)

कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर), लेन्स सोबत आलेली 18-55 मिमी. रुपिया साधारण 30 मिमीचा, फ्रेमच्या उंचीचा पाऊण भाग व्यापतो. अल्बमला तेवढं पुरे, त्यामुळे नुसत्या मोठ्या आकारासाठी मॅक्रो (बारीक वस्तू मोठ्या टिपणारी लेन्स) घ्यावी असं वाटत नाही. एफ 8, आयएसओ 100, दोन सेकंदांचा टायमर. आमच्या माळ्याची फळ्यांची जमीन कोणी चाललं की हलते, म्हणून ट्रायपॉड खाली ओटीवर आणलाय.

आता ती 45 अंशांत काच धरायची पद्धत करून बघावी म्हणतो: दिवा बाजूने, काचेवरून प्रकाश सरळ नाण्यावर, लेन्स काचेतून बघणार, पलीकडे काळं कापड. पण इतक्या जवळून फोटो घेताना लेन्स आणि नाण्यामध्ये वीतभरही जागा उरत नाही. काच बसवली तरी दिव्याला वाट कुठून देऊ?

कोणी केलंय का हे? लांबून फोटो घेता यावा म्हणून जुनी 90 किंवा 100 मिमी मॅक्रो शोधू, की एकच दिवा थोडा पसरवून काम भागेल? साधी खिडकीची काच चालते का? आणि रंग खरे दाखवणारे, 95 च्या वर सीआरआय असलेले दिवे पणजी-मडगावात दुकानात मिळतात, की ऑनलाइनच मागवायचे? तुमच्या मांडणीचा फोटो टाकलात तर फारच बरं.