सभागृह फिरलं म्हणून शुल्क उतरत नाही

अमेरिकेत प्रतिनिधीगृह (तिथल्या संसदेचं खालचं सभागृह) अध्यक्षांच्या विरोधकांकडे गेलं की आपल्या सोलापुरी टॉवेलवरचं तिथलं आयातशुल्क उतरेल, असं काहीजण म्हणतात. इतकं सरळ नाही हो ते. शुल्क लावण्याचा हक्क राज्यघटनेनं तिथल्या काँग्रेसला, म्हणजे संसदेला दिलाय खरा, पण १९६२ आणि १९७४ च्या व्यापार कायद्यांनी तिनंच त्यातला बराचसा अध्यक्षांच्या हाती सोपवला. परत घ्यायचा तर नवा कायदा हवा, आणि अध्यक्षांनी व्हेटो (नकाराधिकार) वापरला की दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं. ती कुठून आणणार?

विरोधकांच्या हाती येतं ते खजिन्याचं कुलूप, म्हणजे सरकारी खर्च आणि कर्ज अडवायची ताकद. २०१० ला तेव्हा विरोधात असलेल्या रिपब्लिकनांनी प्रतिनिधीगृह जिंकलं. पुढच्याच वर्षी कर्जमर्यादेवरून (सरकारनं किती कर्ज काढावं, याची मर्यादा) एवढी ताणाताणी झाली की ऑगस्टमध्ये स्टँडर्ड अँड पूअर्स या पतमानांकन संस्थेनं अमेरिकेचं एएए हे सर्वोच्च मानांकन काढून घेतलं. २०१८ ला विरोधातले डेमोक्रॅट जिंकले, तर सीमेवरच्या भिंतीच्या पैशावरून सरकारी कामकाज ३५ दिवस अर्धवट बंद.

तेव्हा सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कारखानदारांनी तिथल्या मतमोजणीपेक्षा डॉलरचा भाव आणि सुताचा दर बघावा. चहाच्या टपरीवर मात्र मतमोजणीच रंगणार, हे मला माहीत आहे; मीही तिथंच असतो.