लिहून झालं, पुढे काय? (अनुभव धागा)

अर्धविराम:

आंब्याचा सीझन चालू असतो तेव्हाच दिवाळी अंकवाल्यांचा फोन येतो, 'यंदा कथा देताय ना?', आणि आपण हात रसात असताना हो म्हणून मोकळे होतो. मग जुलै उजाडतो आणि झोप उडते. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून लेखकांचं हे असंच चालू असणार असं मला वाटतं.

तर सध्या काय लिहिताय, काय तपासताय, काय प्रेसला गेलंय आणि मुख्य म्हणजे कुठे अडलंय ते सांगा. पुस्तक हातात आलं की सगळेच फोटो टाकतात, पण 'लिहून झालं' ते 'छापून आलं' यात जी वर्ष-दोन वर्षं जातात त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मला ते मधलं ऐकायचंय.

माझ्याकडे तीन कामं आहेत. एक कथा, एक भाषांतर आणि एक कथासंग्रह, जो 'पुढच्या महिन्यात येतोय' असं मी २०२३ पासून सांगतोय.

कथा ६२०० शब्दांची झाली, मर्यादा ४००० ची होती, मला वाटलं आपलं काय, चालवून घेतील. संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, तुमचा माणूस चौथ्या पानावर एसटीतून उतरतो ना, तिथून सुरू करा. मी म्हटलं अहो पहिल्या तीन पानांत त्याचं लहानपण आहे, आईचं आजारपण आहे. त्या म्हणाल्या, ते तुम्हाला माहितीये ना, पुरे झालं. दोन दिवस मी घरात कोणाशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तीन पानं उडवली. आईचं आजारपण आता एवढंच उरलंय की स्टँडवर उतरल्यावर तो आधी मेडिकलचं दुकान कुठे आहे ते विचारतो. आणि खरं सांगू का, ते आधीच्या तीन पानांपेक्षा जास्त लागतं. बाईंना हे अजून सांगितलेलं नाही, उगाच पुढच्या वर्षी आणखी कापतील.

भाषांतर इंग्रजी आत्मचरित्राचं. त्या भाषेत सासूला, नवऱ्याला, साहेबाला, सगळ्यांना एकच 'यू'. आपल्याकडे बाई नवऱ्याला अरे म्हणते की अहो हे ठरल्याशिवाय एक संवाद पुढे सरकत नाही. मी अहो धरून चाललो, नव्वदाव्या पानावर दोघांचं कडाक्याचं भांडण आलं आणि तिथे अहो म्हणत भांडणारी बाई जुन्या नाटकातल्या सोज्वळ सूनबाईसारखी वाटायला लागली, मग परत पहिल्या पानापासून सगळं अरे-तुरे. पंधरा दिवस गेले त्यात.

संग्रहाचं तिसरं प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायची कच्ची प्रत, यायचंय. तुमचं सांगा.

शाईचा डाग:

मी लिहीत नाही, तपासते. मुद्रितशोधनाला एकोणीस वर्षं झाली. सध्या एका जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती चालू आहे, नाव सांगत नाही. मूळ फाइल पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरची, फॉन्ट श्रीलिपीचा, म्हणजे जुन्या पद्धतीचा, ती आताच्या युनिकोडमध्ये बदलून घेतली. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहितीये पुढे काय होतं. दुसऱ्या, बिचाऱ्या, कोपऱ्यात, सगळीकडचा अर्धा र जाऊन त्याचा रफार झाला. 'दुसर्या', 'बिचार्या'. चारशे पानं तशीच. मी खुणा करून पाठवल्या. तिकडच्या मुलाने डोकं चालवलं, फाइंड-रिप्लेस मारला आणि अख्ख्या पुस्तकातल्या एकूण एक 'र्या'चं 'ऱ्या' करून टाकलं. एका मिनिटात काम फत्ते म्हणून मला अभिमानाने फोन पण केला त्याने.

पुढचं प्रूफ आलं. सूर्याचा 'सूऱ्या' झालाय, भार्या 'भाऱ्या' झालीये. आणि तत्त्वज्ञानाच्या प्रकरणात चक्क 'आचाऱ्यांनी अद्वैताचा पुरस्कार केला'. आचार्यांनी हो! मी चहा पीत होते, तो प्रुफावर सांडला. अशा एकूण ७३ जागा निघाल्या, हाताने एकेक शोधून. तो मुलगा गुणी आहे, त्याला काही बोलले नाही, फक्त ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं.

लेखकांना एकच विनंती. शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे चौदा आणि १९७२ ला त्यात भर पडलेले चार, असे मिळून अठरा आहेत. ते पाठ नसले तरी माझी हरकत नाही, त्यासाठीच तर मी आहे. पण एकाच परिच्छेदात 'केले' आणि 'केलं' दोन्ही लिहू नका. निवेदन बोली ठेवायचं की प्रमाण ते तुम्ही ठरवायचं, ते मी कसं ठरवू?

वाशिष्ठीकाठ:

'आचाऱ्यांनी अद्वैताचा' वाचून ऑफिसात एकटाच हसत बसलो.

माझं स्वतःच काढलेलं पुस्तक. वडिलांनी गावाबद्दल वह्यांमध्ये लिहून ठेवलं होतं, सात वह्या, ते टाइप करून, नीट लावून ५०० प्रती छापल्या. मी नोकरी करणारा माणूस, मला वाटायचं लिहिलं की पुस्तक होतं. डीटीपीवाला म्हणाला तुमची १६३ पानं होतायत, सोळा पानांचा फॉर्म असतो, एकतर १६० करा नाहीतर १७६ पर्यंत कोरी पानं सोडा. तीन पानं कुठून काढायची? वडिलांच्या मजकुराला हात लावायचा नव्हता. मग आभाराची चार पानं होती ती एकावर आणली आणि त्या कापाकापीत आत्येभावाचं नाव राहिलं. तोच एकटा असा होता ज्याने खरंच मदत केली होती, जुने फोटो त्याचेच. गणपतीत आला, जेवला, पुस्तक चाळलं, शेवटचं पान दोनदा वाचलं, काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी, मधला एक माणूस दोन हजार मागत होता. कोणी देऊ नका. राजा राममोहन राय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा, फुकट मिळतो, जरा थांबावं लागतं इतकंच. आणि पुस्तक आल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते, हे मला छापून झाल्यावर सहा महिन्यांनी कळलं. पाठवल्या. वडिलांची वही कोलकात्याला पोचली याचं जेवढं वाटलं तेवढं प्रकाशनाच्या कार्यक्रमाचंही वाटलं नव्हतं.

गठ्ठे नेमके जूनमध्ये आले. चिपळूणचा पाऊस, घरात जागा नाही, कॉटखाली रचले. सप्टेंबरात बाहेर काढले तर खालच्या गठ्ठ्यांची पानं फुगलेली आणि कडेला बुरशी. चाळीसेक प्रती गेल्या. उरलेल्यांत डांबरगोळ्या टाकल्या, त्यामुळे आता ज्याला पुस्तक देतो तो आधी वास घेतो आणि मग माझ्याकडे बघतो.

पोस्टाचं तर बोलायलाच नको. रजिस्टर्ड बुक पोस्टची स्वस्त सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. दीडशे रुपयांच्या पुस्तकाला कुरिअरचे ऐंशी कसे मागायचे कोणाकडे?

सोलकढी:

माझी कादंबरी गेल्या वर्षी एका प्रकाशकांकडे गेली, नाव नको. निवेदन साधं मराठी, संवाद सगळे मालवणी, कारण माणसं सावंतवाडीची आहेत, ती काय पुस्तकी बोलणार? संपादन होऊन फाइल परत आली, वाचायला घेतली तर माझी म्हातारी आजी नातवाला म्हणतेय 'मला काय माहीत! जरा थांब, तुला सांगते.' मी लिहिलं होतं 'माका काय म्हाईत! वाईच थांब, तुका सांगतंय.' अर्थ तोच आहे, मान्य. पण ही बाई माझी आजी नाहीये, ही कोणीतरी सदाशिव पेठेतली आहे.

फोन केला. म्हणाले वाचकांना कळत नाही, विदर्भातला वाचक काय करेल. मी म्हटलं वऱ्हाडी पुस्तकं आम्ही वाचतोच की, चार पानांत कान बसतो. बरीच वादावादी झाली, शेवटी ठरलं की संवाद मालवणीच राहतील आणि मागे शब्दार्थ द्यायचे. आता अडलंय ते शब्दार्थावर. 'गजाली'ला मराठी शब्द काय द्यायचा? गप्पा लिहिलं, खोडलं. तीन आठवडे तो कागद तसाच पडलाय.

बर्फातला बटाटावडा:

न्यू जर्सीहून. आमच्या मंडळाच्या अंकाचं संपादन यंदा माझ्या गळ्यात. साहित्य आलं ५२ जणांचं, त्यातल्या ३१ कविता, त्यातल्या १९ आईवर आणि ८ पहिल्या बर्फावर. एकात आई बर्फात उभी आहे. नाही म्हणायची सोय नाही, सगळे शनिवारी मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये भेटतात. मी सगळ्या कविता घेतल्या आणि फॉन्ट बारीक केला. निषेध म्हणून नाही, खरंच जागा नव्हती.

पण सांगण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. एका चौदा वर्षांच्या मुलीने लेख पाठवला, मराठी, पण रोमनमध्ये टाइप केलेला. मी रात्री बसून देवनागरीत उतरवला. तिने 'बाबा गाडी धूत असताना चिडतात' लिहिलं होतं, मी पहिल्यांदा 'दूत' लिहिलं. तिचा लेख अंकात पहिला लावलाय.

दोन ओळी:

कवितासंग्रह. प्रकाशक म्हणाले छापतो, पण ३०० प्रती तुम्ही विकत घ्यायच्या. म्हणजे पैसे माझे, कविता माझ्या, वाचकही मीच. नाही म्हटलं. मग ई-बुक केलं, किंडलवर मराठी चालतं, स्वतः टाकता येतं, खर्च शून्य. आठ महिन्यांत ११ प्रती. चार चुलतभावंडांनी घेतल्या आणि त्यातल्या एकीने विचारलं की आता हे उघडायचं कुठे.

शाईचा डाग:

@सोलकढी, गजालीला शब्द देऊच नका. संवाद असा लिहा की वाचणाऱ्याला कळेल दोन बायका बसून काय करतायत. शब्दार्थाच्या यादीत जितके शब्द कमी तितकं बरं, माझा अनुभव आहे, ती यादी कोणी वाचत नाही, फक्त मी वाचते.

@वाशिष्ठीकाठ, दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा आत्येभावाला अर्पणपत्रिकेत टाका. नाही निघाली तर ज्या प्रती उरल्यात त्यांत एक चिठ्ठी छापून चिकटवा, शुद्धिपत्र म्हणून. पूर्वी सर्रास करायचे.

वाशिष्ठीकाठ:

शुद्धिपत्र! हे डोक्यातच आलं नव्हतं. रविवारी बसतो डिंक घेऊन. आत्येभावालाच बोलावतो मदतीला, चिठ्ठी काय आहे ते आल्यावर कळेल त्याला.

अर्धविराम:

धागा काढला त्याचं सार्थक झालं. सोलकढी, आजीला सोडू नका.

माझी खबर: कथा ३९४० शब्दांवर गेली. संग्रहाचं तिसरं प्रूफ काल आलं, म्हटलं हे शेवटचं, नजर फिरवून सही करून पाठवून देऊ. पण शाईताईंचं वाचून हात थांबला. फाइल आधी श्रीलिपीतच होती माझीही. पीडीएफ उघडली आणि फक्त 'ऱ्या' शोधत बसलो. संग्रहातली तिसरी गोष्ट हर्णैच्या कोळ्यांची आहे. पान ४१, ओळ ६: 'दिवेलागणीला होड्या दऱ्यात शिरल्या.'

प्रेसला फोन लावतोय सकाळपासून, कोणी उचलत नाहीये.